भोईरदादांच्या दोन झेंड्या

भोईरदादांना रुळांकडे पाठ करून बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी त्यांचं सगळं रुळांकडे तोंड करून चालायचं. भाकरी खाणं, दाढी करणं, डबा घेऊन आलेल्या बायकोशी कुरबुर करणं, सगळं. बायको म्हणायची, "लग्नात पण ह्यांनी माझ्याकडं नाय पाह्यलं, तवा पण कुठली तरी गाडी जात असंल." ते हसायचे, पण मान काही वळवायचे नाहीत.

अंबरनाथ मागे पडलं की बदलापूरच्या आधी तेव्हा एक फाटक लागायचं. आता तिथे पूल झालाय आणि पुलाखाली रिक्षा उभ्या असतात. आमचं घर फाटकाच्या अलीकडे, आणि शाळा, बाजार, दवाखाना सगळं पलीकडे. त्यामुळे भोईरदादांनी फाटक उघडल्याशिवाय आमच्याकडे कुणाचं पान हलायचं नाही. दिसायला माणूस काहीच नाही. पन्नाशीला आलेला, वाळका, कॉलर उलटी करून शिवलेला खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला आणि काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. लाल झेंडीवर त्यांचा फार जीव. उन्हाने ती जरा विटली की नवी मिळेपर्यंत साहेबांना भंडावून सोडायचे. "गुलाबी झेंडी बगून कोण थांबल, वयनी?" असं मला विचारायचे, जणू झेंड्या मीच पुरवत होते.

त्यांच्या गुमटीभोवती, म्हणजे रुळांलगतच्या छोट्या खोलीभोवती, मोठे दगड ओळीने मांडलेले. त्यांना ते महिन्याच्या महिन्याला चुना फासायचे. फाटकाला कुलूप घातलं की तीनदा ओढून बघायचे. आणि सगळ्यात वैताग आणणारी खोड म्हणजे आपण जे बोलू ते आधी परत म्हणायचे आणि मग उत्तर द्यायचे. "दादा, आज उकडतंय." "आज उकडतंय. हां, उकडतंय." स्टेशनातून फोनवर निरोप आला की तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात चूक नाही हे दोघांनाही कळतं, असा कामाचा नियम. बावीस वर्षांत तो जिभेला चिकटला होता. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही काय पोपट आहात का हो?" ते शांतपणे म्हणाले, "पोपट हाय का. नाय वयनी, गेटमन."

त्यांचं एक बोलणं मात्र मी विसरले नाही. फाटक बंद असलं की स्कूटरवाले घाई करायचे, आत घुसायला बघायचे, वर ह्यांनाच बोलायचे की म्हातारा घाबरट आहे. ते कबूल करायचे. "हाय मी घाबरट. फाटकावर घाबरट माणूसच ठेवावा. ज्याला भ्या वाटत नाय त्याला हितं काय काम?"

माझ्या घरात तेव्हा एक सात वर्षांची मुलगी होती, जिला कशाचंही भय वाटत नव्हतं.

आमची शुभी आधी तशी नव्हती. पालीला भिऊन पलंगावर चढणारी पोर. आमच्या ह्यांचा टेम्पो होता. उल्हासनगरच्या शेठ लोकांचे कापडाचे तागे तिथल्या कॅम्पातून शिवणाऱ्यांकडे पोचवायचे. सुट्टीच्या दिवशी शुभीने हट्ट केला आणि ह्यांनी तिला मागे ताग्यांवर बसवलं. शहाडजवळ टेम्पो खड्ड्यात आदळला आणि ती मागच्या मागे रस्त्यावर पडली. डोक्यावर. नऊ दिवस ती शुद्धीवर नव्हती. ह्या नऊ दिवसांबद्दल मी काही सांगणार नाही, मला अजूनही जमत नाही.

दहाव्या दिवशी तिने डोळे उघडले, पंधराव्या दिवशी "आई, भूक" म्हणाली. महिन्याने आम्ही तिला घरी आणलं. चालत होती, बोलत होती, जेवत होती. सगळी आळी बघायला आली, सासूबाईंनी पेढे वाटले. मला वाटलं, सुटलो.

आठवडाभरात मला कळलं की ही शुभी नव्हे. म्हणजे होती तीच, पण आतलं काहीतरी निखळलं होतं. पाहुण्यांच्या ताटातलं उचलून खायची. कुणी रडायला लागलं की खदखदा हसायची. "नको" म्हटलं की हातात येईल ते फेकायची. एकदा वरवंटा फेकला, माझ्या पायापासून वीतभर. आणि पाचव्या मिनिटाला माझ्या मांडीवर झोपलेली. थकायची फार. पेटलेल्या स्टोव्हच्या ज्योतीशी खेळायची, बोट भाजलं तरी पुन्हा तिथेच हात. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हाड दीड महिन्यात जुळतं बाई, डोक्याला वेळ लागतो. वर्षं लागतील. किती ते मी सांगू शकत नाही." वर्षं म्हणाले होते. मी ऐकताना महिने ऐकलं.

मला माझ्या मुलीची भीती वाटायला लागली. हे आईने म्हणू नये, पण खरं ते खरं. घरात नऊ महिन्यांचा नंदू होता. एका दुपारी पाळणा रिकामा दिसला. मागच्या दारी धावले तर शुभीने नंदूला विहिरीच्या कठड्यावर बसवलेलं, एका हाताने त्याच्या झबल्याला धरलेलं. "त्याला पाणी दाखवते," म्हणाली. हसून. ओरडले आणि ती दचकली तर? मी मांजरीसारखी चोरपावलांनी गेले आणि बाळाला उचललं. त्या दिवसापासून सासूबाई म्हणायला लागल्या की पोरीला कुठल्यातरी आश्रमात ठेवा, बारक्याचा जीव जाईल. आमचे हे भिंतीकडे बघत बसायचे. टेम्पो विकला होता, दुसऱ्याच्या गाडीवर जात होते. शुभीच्या तोंडाकडे त्यांनी वर्षभर नीट पाहिलं नाही. आणि मी? मी मनातल्या मनात दिवस मोजत होते, की आपण किती दिवस "नाही" म्हणू शकू.

याच काळात भोईरदादा आमच्या आयुष्यात शिरले, ते शिव्या देत.

फाटक बंद होतं. माझ्या कडेवर नंदू, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात शुभीचा हात. तो कधी सुटला कळलंच नाही. ती आडव्या दांड्याखालून गेली आणि रुळापाशी उभी राहून येणाऱ्या गाडीकडे बघत बसली, एखाद्या देखाव्याकडे बघावं तशी. भोईरदादांनी फ्रॉकला धरून तिला मागे ओढलं आणि माझ्यावर तुटून पडले. "पोर सांभाळता येत नाय तर फाटकावर आणता कशाला?" माझाही ताबा सुटला. चारचौघांत मी त्यांच्यावर ओरडले. ती पडली, डोक्याला मार लागला, नऊ दिवस बेशुद्ध होती, आता तिला कशाचं भय म्हणून उरलं नाही, मी काय तिला दावणीला बांधू?

त्यांनी सवयीप्रमाणे सगळं परत म्हटलं. हळूहळू, एकेक. "डोक्याला मार लागला. नऊ दिवस बेशुद्ध होती. आता कशाचं भय उरलं नाय." माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला रडूच कोसळलं. तोवर मला कुणी इतकं नीट ऐकून घेतलं नव्हतं. लोक सल्ले द्यायचे, अंगारे द्यायचे. भोईरदादांनी नुसता निरोप ऐकून घेतला आणि बरोबर पोचला हे मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर पांढऱ्या दगडांतला एक दगड रुळांपासून पार मागे, गुमटीच्या सावलीत सरकवलेला होता. "हा तुजा दगड," ते शुभीला म्हणाले. "लाल झेंडी दिसली की हितं बसायचं. हिरवी दिसली की आईचा हात धरून जायचं. काय करायचं?" शुभीने झेंडी ओढायला हात घातला. त्यांनी ती काढून घेतली नाही की रागावले नाहीत. परत तेच वाक्य, त्याच आवाजात. "लाल दिसली की हितं बसायचं. काय करायचं?"

पंधरा दिवस ती बसली नाही. एकदा त्यांच्या हाताला चावली, रक्त आलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्यांनी हातावर पाणी ओतलं, रुळांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "लाल दिसली की हितं बसायचं." शेवटी पोरीच्या कानाला त्या वाक्याचा इतका सराव झाला असावा की एक दिवस त्यांनी लाल झेंडी उघडली आणि ती जाऊन बसली. ते म्हणाले, "थांब." ती म्हणाली, "थांबले." त्यांच्या कामाच्या नियमाप्रमाणे, शब्द परत. मग हिरवी. "जा." "जाते."

चार महिन्यांत ते पक्कं झालं. मुंबईला डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज एकच गोष्ट, एकाच प्रकारे, न रागावता. हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "फाटकवाल्यांनी." ते म्हणाले, "सोडू नका."

विहिरीचा प्रकार मी भोईरदादांना सांगितला तेव्हा त्यांनी गुमटीतून एक विटकी लाल झेंडी काढून दिली. मोडीत निघालेली, पण घरात चालेल म्हणाले. त्या झेंडीने आमचं घर वाचवलं, यात शंका नाही. शुभी बाळाकडे धावली की मी झेंडी उघडायची. "थांबले," म्हणून ती जागच्या जागी उभी. स्टोव्हपाशी, झेंडी. वरवंट्यापाशी, झेंडी. सासूबाईंनीसुद्धा आश्रमाचं नाव काढणं सोडलं.

पण हातात असं काही आलं की माणसाला थांबायचं कळत नाही. मी पाहुण्यांसमोर तिला गप्प करायला झेंडी दाखवायला लागले. ती मोठ्याने हसली, झेंडी. एकच प्रश्न दहादा विचारला, झेंडी. भोईरदादांना हे कळलं तेव्हा पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. "वयनी, लाल झेंडी दर घटकेला नाय दाखवायची. ती जीव वाचवायला हाय, तोंड बंद करायला नाय." मी वरवर हो म्हटलं आणि घरी जाऊन तेच केलं. सोपं पडत होतं ना.

असं दीड वर्ष गेलं. शुभी नऊची झाली, परत दुसरीत बसायला लागली. मला रात्री झोप लागायला लागली.

मग तो दिवस. सकाळचे साडेदहा-अकरा. फाटक बंद, कर्जतकडून मेल यायची होती. शुभी आपल्या दगडावर बसलेली. भोईरदादा रुळांच्या कडेला, दोन्ही झेंड्या गुंडाळून दोन हातांत धरून. पलीकडे सायकलवर कुल्फीवाला आला आणि त्याने घंटी वाजवली. झेंडी कुठलीच उघडलेली नव्हती. शुभी उठली आणि दांड्याखालून सरळ निघाली.

वळणावर मेल दिसत होती. भोईरदादांचा हात आपोआप गेला. रुळांवर माणूस म्हटल्यावर गेटमन जे करतो तेच त्यांनी केलं. लाल झेंडी उघडून गाडीसमोर धरली.

शुभीला ती लाल झेंडी दिसली.

ती थांबली. ज्या रुळांवरून मेल येत होती, बरोबर त्या दोन रुळांच्या मधोमध. पाय जुळवून, हात सरळ, शाळेत प्रार्थनेला उभी राहते तशी. आणि भोईरदादांकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबले." चेहऱ्यावर हसू. दीड वर्ष आम्ही दोघांनी मिळून तिला हेच शिकवलं होतं.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. शिट्टी वाजत होती, वाजतच होती. ते धावून तिच्यापर्यंत पोचले नसते, तेवढा वेळच नव्हता. मी बघत होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग लाल झेंडी खाली टाकून दिली. येणाऱ्या गाडीच्या तोंडावर, रुळांवर लेकरू उभं असताना, त्या माणसाने हिरवी झेंडी उघडली.

"जा."

"जाते," शुभी म्हणाली आणि पलीकडे पळाली. मध्ये मेल आली.

डबे संपेपर्यंत मला माहीत नव्हतं. किती डबे होते कुणास ठाऊक. मी नंदूचं तोंड माझ्या पोटात दाबून धरलं होतं आणि चाकांच्या मधून पलीकडे दोन पाय दिसतात का ते शोधत होते. शेवटचा डबा गेला. शुभी कुल्फीवाल्याच्या सायकलपाशी उभी होती. मला बघून ओरडली, "आई, पैसे."

तिला काही झालं नव्हतं. काहीच. तिला घामसुद्धा फुटला नव्हता. भोईरदादा मात्र गुमटीच्या पायरीवर जाऊन बसले, रुळांकडे पाठ करून. हीच ती एक वेळ.

मग ते उठले, आत गेले आणि फोनचा रिसीव्हर उचलला. मी दारात उभी राहून ऐकलं. "लाईनीवर माणूस असताना माझ्याकडून गाडीला हिरवी झेंडी दाखवली गेली. परत बोला." पलीकडच्या माणसालाही विश्वास बसत नसावा, कारण त्यांना ते तीनदा सांगावं लागलं. मी हात जोडले. दादा, कुणी पाहिलं नाही, पोर वाचली, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता. ते म्हणाले, "कुणी पाह्यलं नाय. वयनी, मी पाह्यलं ना."

चौकशी झाली. मलाही बोलावलं होतं. साहेब माणूस काही वाईट नव्हता, पण त्याला एकच कळत नव्हतं, की लाल झेंडी टाकली कशी. भोईरदादा उभे राहून म्हणाले, "साहेब, लाल दोघांना दिसत होती. गाडी थांबणार नव्हती. पोरगी थांबली होती." तरी नियम तो नियम. त्यांची एक पगारवाढ गेली आणि वांगणीच्या पुढच्या एका लहान फाटकावर बदली झाली.

जायला महिनाभर होता. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे आमच्या घरी आले आणि ती विटकी झेंडी परत मागून घेतली. चहाही घेतला नाही. म्हणाले, "चूक माजी हाय. मी तिला झेंडीला थांबायला शिकवलं. गाडीला भ्यायला नाय शिकवलं." मी मान खाली घातली. त्यातली अर्धी चूक माझी होती, आणि ते त्यांना माहीत होतं. बोलले नाहीत एवढंच.

त्या महिन्यात ते रोज शुभीला रुळांपासून लांब, गुमटीच्या भिंतीला टेकून उभं करायचे, स्वतः तिच्या शेजारी. आता कुठलीच झेंडी तिला म्हणून दाखवायची नाही. ती विचारायची, "माझी झेंडी कुठे?" ते सांगायचे, "तुजी झेंडी नाय. ही गाडीची हाय." तिला ते पटायचं नाही. हिरवी दिसली की ती अजून पाऊल उचलायची आणि मला तिचा दंड घट्ट धरून ठेवावा लागायचा. हात काळानिळा व्हायचा बिचारीचा. पण गाडी जवळ आली, जमीन हलायला लागली, वारा अंगावर आला की ते तिचा तळवा उचलून स्वतःच्या छातीवर ठेवायचे. खाकी शर्टावर, खिशाच्या खाली.

"काय होतंय?"

"उडतंय," शुभी म्हणायची.

"उडतंय. बावीस वर्षं झाली, प्रत्येक गाडीला उडतं. तुजं उडतं का बग."

ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघायची. "नाही उडत."

"नाय उडत. असू दे. माजं बगून ठेव."

शेवटच्या दिवशीसुद्धा तिचं उत्तर तेच होतं. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. मला वाटलं धीर देतील. ते म्हणाले, "वयनी, मला काय हिची खात्री वाटत नाय. तुमी लक्ष ठेवा." खोटं बोलणं त्या माणसाला जमतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुमटीवर नवा गेटमन आला, तरुण होता, खुर्ची सावलीत ओढून रेडिओ ऐकायचा. शुभीचा दगड त्याने परत ओळीत लावून टाकला.

पुढची वर्षं मी भीतीत काढली, दुसरा शब्द नाही. फाटकावर गेले की तिचा दंड धरायचा. बाजारात, जत्रेत, शाळेच्या दारात, कुठेही. सहावीत तिने एका मुलीच्या डोक्यात कंपास मारला, मला त्या मुलीच्या आईच्या पाया पडावं लागलं. सातवीनंतर शाळा झेपेना. घरी माझ्यासोबत जीन्सचे धागे कापायला बसायची, कॅम्पातून गठ्ठे यायचे. एका वेळी वीस मिनिटं, मग झोप. राग यायचा, पण आता येण्याआधी ती स्वतःच उठून मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. कधी सुरू झालं हे, मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं, की आज तिने काही फेकलं नाही, आणि काल पण नाही. चौदाव्या वर्षी ती पहिल्यांदा नंदूला म्हणाली, "विहिरीकडे जाऊ नकोस." मी भाजी चिरत होते, विळीवर तशीच बसून राहिले.

ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. हिशोब जमत नाही, गर्दीत बिथरते, नको तिथे नको ते बोलते. पण आश्रमात नाही, माझ्या घरात आहे. आमचे हे आता तिच्या हातचा चहा घेतात आणि तिच्या तोंडाकडे बघून घेतात.

भोईरदादांना भेटायला जायचं जायचं म्हणत राहिलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटायची. आमच्यापायी त्यांची बदली झाली, आणि बायको गेल्याचंही मला दुसऱ्याकडून कळलं.

शुभी सतरा वर्षांची असताना नेरळला हळदीला निघालो होतो. दुपारची कर्जत गाडी, डब्यात आम्ही आणि दोन कोळणी. शुभीला वारा आवडतो, ती दारात उभी. मी तिच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून मागे. ते टोक मी अजूनही धरते, लोक हसले तर हसोत. वांगणी गेलं. आणि पुढे एक लहानसं फाटक आलं. गुमटीभोवतीचे दगड पांढरेशुभ्र. मला दगडांवरूनच कळलं.

भोईरदादा रुळांकडे तोंड करून उभे होते. केस सगळे पांढरे, खाकी शर्ट तोच वाटला. हातात हिरवी झेंडी, पूर्ण उघडलेली, गाडीसाठी.

हिरवी दिसली की जायचं, हे त्या माणसाने तिच्या हाडात घातलं होतं. ती धावत्या गाडीच्या दारात उभी होती, आणि माझ्या हातात फक्त ओढणी. मला तिला हाक मारायची होती. पण त्या विहिरीपाशी वाटलं तेच वाटलं, ओरडले आणि ती दचकली तर?

शुभीने झेंडी पाहिली. तिचा उजवा पाय हलला, मी पाहिला हलताना. मग तिने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि आत आली, मागे, माझ्या अंगावर.

"ती गाडीची आहे," ती म्हणाली. "माझी नाही."

तिने माझी मूठ सोडवली, ओढणी काढून घेतली आणि माझा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

"बघ," म्हणाली. "उडतंय."

मी दारातून मागे पाहिलं. भोईरदादा तसेच उभे होते, लहान लहान होत चाललेले, झेंडी धरून, नजर शेवटच्या डब्यावर. आम्ही त्यांना दिसलो नाही. नेरळ येईपर्यंत मी तिच्या छातीवरचा हात काढला नाही.